आवाज येतोय ना? मग आता ऐका

कालच्या संशोधन समितीच्या ऑनलाइन बैठकीबद्दल बोलायचं आहे, आणि गोड बोलणार नाही.

बैठक अकराची. सव्वा अकरापर्यंत तुमचं ‘सर, लिंक पाठवा ना’ चालू होतं. लिंक आदल्या संध्याकाळीच ग्रुपवर टाकली होती. अंगठ्याने जरा वर सरकवून बघायचे कष्ट कोणी घ्यायचे? मग आलात ते कॅमेरे बंद करून, नुसत्या काळ्या चौकोनांत. एकाचा चुकून सुरू राहिला, तेव्हा अख्ख्या समितीने पाहिलं की स्वारी मोटारसायकलवर बजाज चौकातून चालली आहे! बाहेरच्या तज्ज्ञ मॅडमनी एकाला त्याच्याच दुसऱ्या प्रकरणावर प्रश्न विचारला, तर उत्तराऐवजी कुकरची शिट्टी ऐकू आली.

विषयपत्रिकेतल्या तिसऱ्या मुद्द्यावर तुम्ही सगळ्यांनी नंदीबैलासारखी मान डोलावलीत, म्हणजे ‘ओके सर’ टाइप केलंत. तो मुद्दा तुमच्याच प्रगती अहवालाची मुदत महिनाभर अलीकडे आणण्याचा होता. आज सकाळपासून माझ्या दाराशी गाऱ्हाणी घेऊन उभे आहात. इतिवृत्तात तुमची संमती नोंदली गेली आहे. आता कपाळ बडवून काय उपयोग?

रेंज नव्हती म्हणता. आष्टी तालुक्यातल्या आपल्या विद्यार्थिनीलाही नव्हती. तिने आदल्या रात्रीच कळवलं, ‘नेट धरत नाही, कॅमेरा बंद ठेवीन, आवाजावर राहीन.’ गच्चीवर बसून ती शेवटपर्यंत हजर होती, आणि तिसऱ्या मुद्द्यावर आक्षेप घेणारी ती एकटीच होती. नुसत्या आवाजाला सेकंदाला शंभर किलोबिटसुद्धा पुरतात, चित्राला त्याच्या कितीतरी पट लागतात. एवढं साधं गणित पीएचडी करणाऱ्यांना शिकवायचं का?

टाळेबंदीत, एप्रिल 2020 मध्ये, विद्यापीठ अनुदान आयोगाने मौखिक परीक्षासुद्धा व्हिडिओवर घ्यायला मुभा दिली. संशोधन अडू नये म्हणून दिली, तुम्हाला झोपून बैठक करता यावी म्हणून नाही. इथून जवळच सेवाग्रामला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी बसवून दिलेला टेलिफोन आहे, जाऊन बघा. गांधीजी या एका माणसाशी बोलता यावं म्हणून सरकारने त्या खेड्यापर्यंत तार ओढली. तुमच्या खिशात कॅमेऱ्यासकट सगळं आहे, फक्त बोलायची तयारी नाही.

पुढची बैठक मंगळवारी अकराला. पाच मिनिटं आधी या. एका खोलीत दोघं असाल तर इअरफोन लावा, आवाज घुमतो. बोलायचं नसेल तेव्हा माइक बंद. कॅमेरा चालू, आणि अडचण असेल तर आदल्या दिवशी कळवा. विषयपत्रिका वाचून या. अकरा-पाचनंतर कोणालाही आत घेणार नाही, गैरहजेरी लागेल.

आणि अहवालाच्या मुदतीबद्दल पुन्हा माझ्याकडे येऊ नका. बदल हवा असेल तर मंगळवारी समितीसमोर कारणं मांडा. तोंड उघडून, टाइप करून नव्हे.