सुईणीच्या हाताकडे पाहताना

हे सावकाश वाचा. मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबा.

आधी वाशीम डोळ्यांपुढे आणा. आजचा जिल्हा नव्हे, तो १९९८ साली झाला. दोन महायुद्धांमधलं वाशीम आणा: अकोला जिल्ह्यातलं, वर पठारावरचं तालुक्याचं गाव. अकोल्याला जायचं तर पातूरचा घाट उतरायचा. वाशीमला आगगाडी नाही. तिकडे कारंज्यावरून शकुंतला नावाची छोटी आगगाडी जाते, पण ती कापसासाठी घातलेली. कापसाला वाट होती. अडलेल्या बाईला बैलगाडी.

आता एका घरात या. दार लोटलेलं, बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी. पहिलटकरीण कण्हते आहे. तिच्या पायाशी सुईण उकिडवी बसली आहे. तिच्या चेहऱ्याकडे नंतर पाहू, आधी हातांकडे पाहा. पोटावरून फिरताना बाळ कुठे आहे ते त्यांना कळतं. शेकडो बाळं या हातांनी झेलली आहेत. हेच हात सकाळी शेणात होते.

इथे थोडं थांबा, कारण चटकन न्याय करायचा मोह होतो. त्या काळचे साहेब लोक सुईणीला अडाणी म्हणून मोकळे होत. गावही कमी नव्हतं. बाळंतपण विटाळाचं, म्हणून ते काम तिच्या गळ्यात, आणि मोबदला पायलीभर ज्वारी नाहीतर जुनं लुगडं. तिला साबण कुणी दिला होता? पातं उकळून घे, हे तिला कुणी येऊन सांगितलं होतं?

मग विळा. नाळ त्यानेच कापली जाते. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, शेणात असतात. बाळ दोन-चार दिवस छान पितं, मग त्याचा जबडा आवळतो, अंग ताठ होतं. नेमकी तेव्हाच पाचवी येते. पाटा-वरवंटा मांडून सटवाई पुजायची, रात्र जागवायची. या पूजेला भाबडेपणा म्हणून हसण्याआधी विचार करा: पहिला आठवडा घातक असतो हे त्या बायकांनी अचूक हेरलं होतं. कारण तेवढं हाती लागलं नव्हतं.

मदत अगदीच नव्हती असं नाही. १८८५ साली बायकांच्या उपचारांसाठी डफरीन फंड निघाला. अमरावतीचं डफरीन, अकोल्याचं लेडी हार्डिंग ही नावं वऱ्हाडात अजून तोंडी आहेत. दायांना शिकवण्यासाठी १९०३ साली लेडी कर्झननी वेगळा निधी काढला. १९२४ पासून देशभर बालसप्ताह भरू लागले. लाटसाहेबांच्या बायका, देणग्या, प्रदर्शनं. मला यात खोट दिसते ती ही, की आईच्या जिवाचा प्रश्न सरकारी तिजोरीऐवजी वर्गणीवर सोपवला गेला. आणि वर्गणीचे दवाखाने शहरात उभे राहतात.

खुद्द वाशीमला बायका-मुलांसाठी दवाखाना आला १९३८ मध्ये. नाझरीन मिशनच्या अमेरिकन डॉक्टर ऑर्फा स्पायकर यांनी एका जुन्या शाळेच्या इमारतीत तो सुरू केला. तेच रेनॉल्ड्स मेमोरियल. दुसरं महायुद्ध तेव्हा वर्षभरावर होतं.

आता एक आकडा सावकाश मनात फिरू द्या. देशाच्या आरोग्याची पाहणी करणाऱ्या सरकारी भोर समितीने नोंदवलं आहे की १९३७ साली ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १६२ वर्षाच्या आत गेली. इंग्लंड-वेल्समध्ये त्याच वर्षी ५८. हजार जन्मांमागे आपल्याकडे सुमारे वीस आया जात होत्या.

पुन्हा त्या हातांकडे या. त्यांना हवं होतं ते फार महाग नव्हतं: साबण, उकळलेलं पाणी, उकळलेलं पातं, स्वच्छ दोरा, आणि शिकवायला गावात येणारं कुणीतरी. पुढे गरोदर बाईला धनुर्वाताची लस मिळू लागली, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली. भारतातून नवजात बाळांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं, तेव्हा २०१५ साल उजाडलं होतं.