निवृत्तिनाथांच्या वाटेवरचं गाठोडं

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरात संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते. पंचवटीहून आमची दिंडी जेमतेम अठ्ठावीस-तीस किलोमीटर चालते; पण ब्रह्मगिरीच्या पायथ्याची पहाट हाडांत शिरते. म्हणून आदल्या रात्री मी गाठोडं बांधते: घोंगडी, कानटोपी, दोन लुगडी, लोकरी पायमोजे, शेंगदाण्याचे लाडू आणि टाळ.

दरवर्षी घोंगडी उचलताना हात थबकतो. ज्या गुरूच्या नावातच निवृत्ती आहे, त्याच्या दारी जाताना अंगाची एवढी काळजी कशाला? ज्ञानदेवांना ज्यांनी उपदेश केला, त्यांच्या समाधीपुढे मी ऊब मागावी का?

उत्तर मला निफाडला माहेरी मिळालं. कडाक्याच्या थंडीत भाऊ द्राक्षबागेत रात्रभर शेकोट्या पेटवून जागतो. त्याला कुणी वेलींचा मोह म्हणत नाही. घड जपला नाही, तर गोडी उतरणार कशात? देहाचंही तसंच. गारठलेल्या बोटांनी टाळ वाजत नाही, कुडकुडत्या ओठांवर नाम टिकत नाही.

मग निवृत्ती कुठे असते? मला वाटतं, गाठोड्याच्या वजनात नाही, गाठीत असते. गाठ सैल हवी. गेल्या वर्षी मुक्कामाच्या राहुटीत एक म्हातारी थरथरत होती. मी घोंगडी तिच्या अंगावर घातली आणि दोघी एकाच पांघरुणात झोपलो. पहाटे कुशावर्त कुंडाकडे निघताना घोंगडी मी तिच्यापाशीच ठेवली.

यंदा दोन घोंगड्या घेतल्या आहेत. एक माझी; दुसरी कुणाची, ते वाट सांगेल.