अभिप्रायाचा अधिकार

गाण्याची चित्रफीत पुरी करण्याआधी ती चार जणांना दाखवावी आणि त्यांचे म्हणणे ऐकून सुधारावी, ही रीत आता विद्यार्थ्यांमध्ये रुळली आहे. जालना, अंबड, परतूर, भोकरदन इथली महाविद्यालयीन मुले मोबाइलवर चित्रण करतात, त्यावरच कापाकापी करतात आणि कच्ची प्रत मित्रांना, घरच्यांना, शिक्षकांना दाखवतात. कोणी ‘एक नंबर’ म्हणते, कोणाला गाणे लांबलेले वाटते, कोणी मधला पावसाचा भागच काढून टाकायला सांगते. या उत्तरांचे करायचे काय, हा प्रश्न तांत्रिक वाटतो, पण त्याच्या मुळाशी तत्त्वज्ञानातला एक जुना वाद आहे. कृतीत काय उणे आहे हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? करणाऱ्याचा, जाणकाराचा, की समोर बसलेल्या कोणाचाही?

भरताच्या नाट्यशास्त्रात सत्ताविसावा अध्याय याच विषयाला वाहिलेला आहे. प्रयोग साधला की नाही, याला तिथे ‘सिद्धी’ म्हटले आहे आणि तिचे दोन प्रकार मानले आहेत. प्रेक्षक हसतात, वाहवा करतात, रोमांचित होतात, भारावून अंगावरचे वस्त्र किंवा अंगठी नटाकडे टाकतात, ती मानुषी सिद्धी. प्रेक्षागृह गच्च भरलेले असूनही कुठे आवाज नाही, चुळबुळ नाही, ती दैवी. गोंगाटाच्या पसंतीपेक्षा भरल्या सभेतली स्तब्धता वरची मानणारा हा विचार आजही उपयोगी आहे. चित्रफीत पाहून झाल्यावर कोण काय म्हणाले याइतकेच, ती चालू असताना कोणाची मान दुसरीकडे वळली आणि कोणाचा हात खिशातल्या फोनकडे गेला, हाही अभिप्रायच असतो.

त्याच अध्यायात ‘प्राश्निक’ येतात. प्रयोगाविषयी वाद झाला तर निवाडा देणारे हे दहा जण: यज्ञ जाणणारा, नर्तक, छंदशास्त्री, वैयाकरण, राजा, धनुर्धर, चित्रकार, गणिका, गायक आणि राजसेवक. प्रत्येकाने आपल्या अंगाचे पाहायचे असते. धनुष्य धरण्याची ढब बरोबर आहे का हे धनुर्धर सांगेल, शब्द शुद्ध आहे का हे वैयाकरण. सर्वांना सगळेच विचारायचे नाही, ही यातली शहाणी गोष्ट आहे. मोसंबीच्या बागेतले दृश्य असेल तर बागाईतदाराला ‘चित्रफीत कशी वाटली’ विचारण्यापेक्षा ‘या महिन्यात झाड असे दिसते का’ हे विचारावे. चाल सुरात आहे का, हे भजनी मंडळातला पेटीवाला एका ऐकण्यात सांगतो.

पण जाणकाराच्या पलीकडे एक साधा पाहणारा उरतोच, आणि त्याचा अधिकार काश्मीरच्या अभिनवगुप्ताने सर्वांत खोलवर मांडला. दहाव्या-अकराव्या शतकातल्या या शैव आचार्याने नाट्यशास्त्रावर ‘अभिनवभारती’ ही टीका लिहिली. रस नटाच्या ठिकाणी नसतो, तो सहृदयाच्या, म्हणजे समरस होऊन पाहणाऱ्याच्या, अनुभवात असतो, हे त्याचे म्हणणे. हे मान्य केले तर पाहणाऱ्याशिवाय कृती पूर्णच होत नाही आणि त्याला विचारणे हे सौजन्य न राहता गरज ठरते. रसाचा आस्वाद ब्रह्मास्वादासारखा आहे असे ही परंपरा मानते, त्यामुळे तो कशाने अडतो हा प्रश्न तिच्या दृष्टीने करमणुकीपुरता राहत नाही. या अडथळ्यांना अभिनवगुप्ताने ‘रसविघ्ने’ म्हटले आणि ती सात सांगितली. विद्यार्थ्याच्या कच्च्या प्रतीवर ती लावून पाहिली तर हजार वर्षांचे अंतर जाणवत नाही.

पहिले विघ्न असंभाव्यतेचे. कर्जाने पिचलेला शेतकरी दाखवला आणि त्याच्या अंगावर नुकती घडी मोडलेला नवा सदरा असला, की पाहणारा तिथेच अडतो. दुसरे विघ्न स्थळकाळ आणि व्यक्ती यांत गुंतून पडण्याचे. विद्यार्थ्यांच्या कामात ते सर्वांत जास्त आढळते आणि सर्वांत कमी ओळखले जाते. वर्गमित्र पाहतात तेव्हा त्यांना विरहात बुडालेला नायक दिसत नाही, आपल्या बाकावरचा मुलगा दिसतो. मोती तलावाचा काठ दिसला की ‘अरे, हे तर आपलेच’ म्हणून हशा पिकतो आणि गाणे बाजूला राहते. जुन्या नाटकात पूर्वरंग (नाटकाआधीचे विधी) आणि नटाचा मुकुट-वेष यांनी हे विघ्न दूर होते, असे अभिनवगुप्त सांगतो: नटाचे रोजचे रूप झाकले गेले पाहिजे. म्हणून मित्रांची दाद खरी असली तरी ती बहुतेक वेळा मैत्रीची असते. जे त्या नटाला ओळखत नाहीत अशांना दाखवल्याशिवाय कृतीची परीक्षा होत नाही.

तिसरे विघ्न पाहणाऱ्याच्या स्वतःच्या सुखदुःखाचे. ज्याच्या घरी आजारपण आहे त्याचे मन पडद्यावर कसे ठरेल? यावर गायन-वादन हाच उपाय सांगितला आहे, म्हणजे गाण्याच्या चित्रफितीत औषध आधीच हाताशी असते. चौथे आणि पाचवे विघ्न साधनांच्या उणिवेचे आणि अस्पष्टतेचे: शब्द वाद्यांखाली दबणे, रात्रीच्या दृश्यात चेहरा न दिसणे. यांवर फार बोलण्यासारखे नाही, ती दुरुस्त करावीत. सहावे, प्रधान काय तेच न कळणे. एका गाण्यात प्रेम, दुष्काळ, मैत्री आणि देशभक्ती कोंबली की पाहणारा ‘छान होते’ म्हणतो आणि काय छान होते ते सांगू शकत नाही. सातवे विघ्न संशयाचे. डोळ्यांतले पाणी आनंदानेही येते आणि डोळ्यांच्या रोगानेही, असे उदाहरण अभिनवगुप्तानेच दिले आहे. अश्रू कशाचे हे कारण, प्रसंग आणि सोबतचे भाव एकत्र आले तरच कळते. चुलीपुढे बसलेली आई डोळे पुसते, तेव्हा ती धुराने पुसते की मुलाच्या आठवणीने, हे पाहणाऱ्याला विचारलेच पाहिजे. करणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असल्यामुळे तो संशय त्याला कधीच दिसत नाही.

या सातांत ‘आवडले का’ हा प्रश्न कुठेच नाही. आवड विचारली की माणूस नाते सांभाळून उत्तर देतो. काय दिसले, लक्ष कुठे उडाले, कोण कोणाचे काय लागते असे वाटले, असे विचारले की विघ्न सापडते.

जालना जिल्ह्याला या चर्चेत स्वतःचे स्थान आहे. घनसावंगी तालुक्यातल्या जांब या गावी 1608 साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. वीस दशक आणि दोनशे समासांचा त्यांचा ‘दासबोध’ वक्ता आणि श्रोता यांच्या संवादाच्या रूपात चालतो: श्रोता आशंका घेतो, वक्ता तिचे निरसन करतो आणि विवेचन पुढे सरकते. तो शिष्यांसाठीचा ग्रंथ आहे, पण त्याची घडण श्रोत्याच्या अडण्यातून झालेली आहे. पहिल्या दशकात रामदास श्रोत्यांचे स्तवन करतात आणि अठराव्या दशकाच्या शेवटी श्रोत्याची अवलक्षणे सांगतात: देह सभेत, मन भलतीकडे, कोणी पेंगतो, कोणी गप्पांत रमतो. दोन्ही एकत्र वाचायला हवेत. ऐकणारा पूज्य आहे, आणि त्याच्याकडूनही काही अपेक्षा आहे. ज्याने अर्धे पाहिले त्याचा अभिप्राय अर्धाच धरायचा. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे अवधानाचे मागणे आहे, ते याच जाणिवेतून आलेले.

चौदाव्या दशकात रामदास कवित्वाचे धीट, पाठ आणि प्रासादिक असे तीन प्रकार करतात. मनात आले ते धिटाईने रचले ते धीट. इतरांचे पुष्कळ पाठ करून त्याच्या आधाराने केले ते पाठ. अंतरीच्या निष्ठेतून, ईश्वराच्या प्रसादाने उमटले ते प्रासादिक. प्रेक्षकाच्या अभिप्रायाला यातून एक मोठी मर्यादा पडते. पाठ प्रकारातले काम लोकांना पटकन आवडते, कारण ते ओळखीचे असते. ‘अगदी सिनेमातल्यासारखे झाले आहे’ ही पावती मिळाली, तर आपण कोणाचे पाठ केले हे तपासायची ती वेळ असते.

मग ऐकायचे किती? स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने 1757 सालच्या अभिरुचीवरील निबंधात ‘डॉन किहोटे’मधली एक गोष्ट सांगितली आहे. दोघे जण पिंपातले मद्य चाखतात. चांगले आहे म्हणतात, पण एकाला चामड्याची चव लागते, दुसऱ्याला लोखंडाची. लोक हसतात. पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामड्याची वादी बांधलेली किल्ली सापडते. दोघांचे म्हणणे परस्परविरुद्ध वाटले तरी दोघांनाही एकच वस्तू जाणवली होती. एक प्रेक्षक ‘गाणे लांबले’ म्हणतो, दुसरा ‘शेवट घाईत उरकला’ म्हणतो, तेव्हा दोघांपैकी एकाला खोटे पाडण्याची घाई करू नये. मधल्या भागात काहीच घडत नसेल, तर लांबणही जाणवते आणि शेवट उपराही वाटतो.

यावरून अधिकाराची वाटणी करता येते. आपल्याला काय झाले, याबाबत पाहणारा चुकत नाही; कंटाळा आला म्हणणाऱ्याला ‘तुला कंटाळा आला नाही’ असे सिद्ध करून दाखवता येत नाही. उपाय सांगताना मात्र तो वारंवार चुकतो, कारण कृतीचे आतले सांधे त्याला ठाऊक नसतात. ‘पावसाचा भाग काढा’ या सूचनेत खरी बातमी एवढीच असते की तिथे तो अडला. भाग काढायचा, आधी आणायचा की त्याच्या अलीकडचे दृश्य बदलायचे, हे कर्त्याने ठरवायचे.

ही वाटणी मोडली की दोन्ही बाजूंनी नुकसान होते. सर्वांच्या सूचना मानणारा शेवटी कोणाचीच नसलेली कृती करतो. सत्य-असत्याचा निवाडा तुकोबांनी आपल्या मनाच्या साक्षीवर ठेवला, बहुमतावर नाही, आणि पाखंडाचे आरोप सोसले. विदर्भातल्या पद्मपुरच्या भवभूतीने ‘मालतीमाधव’च्या प्रस्तावनेत, काळ अनंत आणि पृथ्वी विशाल असल्याने आपला समानधर्मा कधीतरी जन्मेल, असा विश्वास ठेवला. ही भूमिका थोर आहे, पण ती सर्व कष्ट करून झाल्यावर घ्यायची आहे. शब्द ऐकू येत नाहीत हे सांगितल्यावर भवभूतीचा आधार घेणे हा नुसता आळस होय.

गीतेच्या निष्काम कर्माचा दाखला देऊन कोणी म्हणेल, फळाची आस सोडायची तर लोकांना विचारायचे कशाला? पण ज्या दुसऱ्या अध्यायात फळाची आसक्ती सोडायला सांगितले आहे, त्याच अध्यायात योगाला कर्मातले कौशल्य म्हटले आहे. वाहवा मागणे ही आसक्ती झाली. दोष विचारणे हा कौशल्याचा भाग आहे, आणि आसक्ती जितकी कमी तितका दोष निवांतपणे ऐकता येतो.

एका अभिप्रायाला हे सारे विवेचन लागू पडत नाही. चित्रफितीत जी माणसे दिसतात त्यांचा अधिकार रसिकाचा नसतो. दिंडीत नाचणारे वारकरी, जांबच्या मंदिरात हात जोडून उभी असलेली बाई, वीटभट्टीवरचा मजूर यांना आपले रूप असे दाखवलेले चालेल का, हे त्यांनाच विचारावे लागते. तिथे ‘काढून टाका’ ही सूचना उपाय म्हणून तपासायची नसते. ज्याचा चेहरा आहे त्याचा शब्द अखेरचा असतो. देवस्थानाच्या चित्रणाबाबत भाविकांना काय खटकते हेही चित्रण करण्याआधी विचारायचे असते, कारण रसाचे विघ्न नंतर दूर करता येते, पण श्रद्धेच्या जागी पोचलेली इजा कापाकापीने भरून निघत नाही.