काकासाहेबांची बाजू

वय वाढतं तसे जुने सिनेमे, जुनी पुस्तकं जास्त कळू लागतात, एवढंच मी म्हणालो होतो. पण ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आणि मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. सरसकट विधान तिच्यापुढे टिकत नाही.

"उदाहरण दे."

मी 'कुंकू'चं दिलं. प्रभातचा, 1937चा, शांतारामबापूंचा. कॉलेजात असताना पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी सगळाच्या सगळा नीराच्या बाजूला होतो. घरच्यांनी पैशासाठी म्हाताऱ्या बिजवराला, काकासाहेबांना, दिलेली मुलगी त्याला नवरा मानायला साफ नकार देते, त्याच घरात राहून देते. शांता आपटे नुसती समोर उभी राहिली तरी अंगावर काटा यायचा. काकासाहेब म्हणजे आमच्या लेखी शुद्ध बदमाश. परवा तोच सिनेमा मोबाइलवर पुन्हा पाहिला आणि माझं सगळं लक्ष काकासाहेबांकडे! सिनेमाला पार्श्वसंगीत नाही, त्यामुळे घरातला प्रत्येक आवाज कानावर येतो. त्या आवाजांत एक जुनं घड्याळ आणि त्याच्यासारखाच जुना झालेला एक माणूस. फुटलेल्या आरशात तो स्वतःचं तोंड बघतो तेव्हा माझ्या पोटात कालवलं. विशीत मला हा माणूस दिसलाच नव्हता.

"म्हणजे तू म्हातारा झालास," ताई म्हणाली. "सिनेमा कळला कुठे?"

"म्हातारा झालो म्हणूनच कळला."

"मग मी काय तरुण झाले? मीही परवाच पाहिला, तूच लिंक पाठवलीस म्हणून. सोळाव्या वर्षी मी नीराच्या बाजूला होते, आता पंचाहत्तरीतही तिच्याच बाजूला आहे. वयानं समज येत असती तर दोघांना येती. तुला आली आणि मला आली नाही, हे कसं?"

याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. मग वाद हरताना माणूस करतो तेच मी केलं, इतिहासात शिरलो. म्हटलं, देवलांची 'शारदा' घे, 1899ची. तिथला भुजंगनाथ नुसता हसण्यापुरता म्हातारा. प्रेक्षकांनी त्याची टर उडवायची आणि घरी जायचं. ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरून शांतारामबापूंनी 'कुंकू' केला तेव्हा त्यांनी त्या म्हाताऱ्याला मन दिलं. त्याच्या हातून काय घडलंय ते त्याचं त्याला उमगतं, आणि शेवटी तो जीव देतो. तेव्हा माझी कणव काही मी बाहेरून आणलेली नाही. ती सिनेमातच आहे.

"आहे ना. मी कुठे नाही म्हणते? पण जाताना तो काय करतो? चिठ्ठी लिहितो. तू पुन्हा लग्न कर म्हणून परवानगी देतो. मरतानाही परवानगी त्याच्याच हातात! ते तुला खटकलं नाही?"

खटकलं नव्हतं. पहिल्या खेपेलाही नाही आणि परवाही नाही.

"अगं, त्या काळात दुसरं काय करणार होता तो?" मी म्हणालो. "हिंदू विवाहाचा कायदा 1955चा. 1937 साली नीरासारख्या मुलीला घटस्फोट कुठला? विधवेच्या पुनर्विवाहाचा कायदा मात्र 1856पासून होता. म्हणजे नीरा सुटायची तर काकासाहेबांनी मरायलाच हवं. त्यानं मरून का होईना, तिला वाट करून दिली."

ताई थोडा वेळ गप्प बसली. मला वाटलं, जिंकलो.

"बरोबर आहे तुझं. वाट नव्हती. पण हे ऐकून मला त्या कायद्याची चीड येते आणि तुला त्या म्हाताऱ्याची कीव येते. फरक तिथे आहे. नवरा मेल्याशिवाय बायको सुटत नाही, अशा गोष्टीत तुझे डोळे कुणासाठी भरून येतात? नवऱ्यासाठी! आणि वर म्हणतोस, मला आता जास्त कळतं."

"दोघांसाठी भरून येऊ शकतात."

"येऊ शकतात. तुझे आले का?"

तिचं हे असं असतं. शाळेत पोरं तिला का घाबरायची ते मला चांगलं ठाऊक आहे. मी म्हटलं, हे बघ, आपल्याच घरात मोठी आत्या बिजवराला दिलेली होती. आपण दोघं तिच्याकडे राहिलेलो आहोत. आतोबा वाईट नव्हते. आपल्यासाठी पेरू राखून ठेवायचे.

"आतोबा चांगलेच होते. आत्या त्यांच्या पानात वाढताना एकदाही मान वर करून बघायची नाही, हे तुला आठवतं का? मला आठवतं, कारण मला तिच्याबरोबर वाढायला उभं करायचे. तू पेरू खात होतास."

यावर काय बोलणार? म्हातारपणी काकासाहेबांना जवळ करणं मला सोपं गेलं, कारण आतोबांच्या ओसरीवर मी आधीच बसून आलो होतो. ताई आत होती. पण एवढं मान्य केलं तरी माझा मूळ मुद्दा पुरता बाद होत नाही, असं मला अजूनही वाटतं. विशीत मी नीराच्या बाजूचा होतो, त्यातही शांता आपट्यांच्या दिसण्या-गाण्याचा वाटा मोठा होता. तो काही न्याय नव्हे. तेव्हाचा पक्षपात गोड आणि आत्ताचा तेवढा वाईट, असं का धरायचं? हे मी तिला बोलून दाखवलं. ती हसली आणि एकदम भलतीकडेच वळली.

"शांताराम किती वर्षांचे होते 'कुंकू' केला तेव्हा?"

जन्म 1901चा. म्हणजे छत्तीस.

"आणि काकासाहेब झालेले केशवराव दाते?"

1889चे. अठ्ठेचाळीसच्या आसपास.

"म्हणजे जो म्हातारा बघून तुझ्या पोटात कालवलं तो तुझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान! छत्तिशीतल्या दिग्दर्शकाला म्हातारपण जसं वाटलं तसं त्यानं रचलं, आणि तू त्यात स्वतःला ओळखलंस. हे कसलं ओळखणं?"

मी म्हटलं, चांगला कलावंत न भोगलेलंही जाणतो.

"जाणत असेल. किंवा तू म्हातारं कसं व्हायचं ते असल्या सिनेमांतूनच शिकलास. 'श्यामची आई' बघ. तुरुंगात लिहिलं तेव्हा साने गुरुजी तेहतीस वर्षांचे. 'कोसला' आलं तेव्हा नेमाडे पंचवीसचे. तुझ्या कपाटात सगळी पोरं बसली आहेत, आणि तू त्यांच्याकडून उतारवयाचं शहाणपण घेतोस."

हे मला खरोखर सुचलं नव्हतं. जुनं म्हटलं की पिकलेलं, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात जुनी पुस्तकं बहुतेक तरुणांनी लिहिलेली. जुनी झाली ती आपल्या हातात. मग आपल्या वयाच्या माणसानं लिहिलेलं वाचायचं कुठलं? मी विश्राम बेडेकरांचं नाव घेतलं. 'रणांगण' 1939चं, तेव्हा ते तेहतिशीतले. 'एक झाड आणि दोन पक्षी' हे आत्मचरित्र 1984चं, तेव्हा अठ्ठ्याहत्तर. मधल्या काळात प्रभातसाठी 'शेजारी'ची कथा लिहून झालेली. एकच माणूस, दोन टोकांना.

"वाचू या," ताई म्हणाली. "आधी कुठलं?"

मी 'रणांगण' म्हटलं. वीस वर्षांचा असताना ते मी रात्रभर जागून वाचलं होतं.

"म्हणूनच नको. ते तू पुस्तक म्हणून वाचणारच नाहीस, विसाव्या वर्षाला भेटायला जाशील. आत्मचरित्रापासून सुरुवात कर. दोन पक्षी उपनिषदातले. एक फळ खातो, दुसरा नुसता बघतो. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणूस स्वतःकडे बघताना स्वतःला किती सवलत देतो, ते मला बघायचंय."

"आणि विसाव्या वर्षाला भेटायला गेलो तर बिघडलं काय?"

"बिघडत काही नाही. फक्त त्याला कळणं म्हणू नकोस."

मी म्हटलं, मग तुझी नीरासुद्धा सोळाव्या वर्षाचीच भेट असेल. साठ वर्षांत तुझं मत तसूभर हललं नाही, ही समज की सवय?

"असेलही," ती म्हणाली. "पण माझी सवय कुणाच्या बाजूची आहे ते तरी बघ." आणि 'रणांगण' माझ्या हातातून काढून घेऊन आपल्या पिशवीत टाकलं.