आजीची तार

लोणी काळभोरच्या एका घरात, स्वयंपाकघराच्या दाराआड, खिळ्याला एक जाड तार टांगलेली आहे. वरचं टोक आकड्यासारखं वळवून अणकुचीदार केलेलं, खालच्या टोकाला पुठ्ठ्याची चकती. घरात आलेला प्रत्येक कागद त्या तारेत ओवला जातो. गुलटेकडीच्या मार्केट यार्डातल्या आडत्याच्या पट्ट्या, विजेची बिलं, खतवाल्याच्या पावत्या, कालव्याच्या पाणीपट्टीच्या पावत्या, नातवंडांच्या शाळेच्या फीच्या चिठ्ठ्या. तार आजीची. आजीला अक्षरं जेमतेम लागतात. पण फार वर्षांपूर्वी एका आडत्याने कोथिंबिरीचे पैसे चुकते केल्याचं सांगून हात वर केले, तेव्हा हिने दहा महिन्यांची जुनी पट्टी तारेतून काढून त्याच्या गादीवर ठेवली होती. तेव्हापासून घरातलं कुणी तिच्या तारेला हसत नाही.

नातीला मात्र ती तार म्हणजे अडगळ वाटायची. नात गावातच डिझाइन शिकते. राज कपूर यांची राजबाग जिथे होती तिथे आज विद्यापीठ आहे, आणि गावातल्या पोरांनी शिकायला पुण्याला जाण्याऐवजी आता पुण्याची पोरं इकडे येतात. अभ्यासक्रमाला ताकदीचा लॅपटॉप लागतो, साधा चालत नाही. उसाचं बिल आलं तेव्हा तिच्या वडिलांनी मन घट्ट केलं. किंमत एक लाख, वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे १,१८,००० रुपये. दुकानदार म्हणाला, ‘‘बिल नको असेल तर सात हजार कमी करतो.’’ वडील क्षणभर थबकले. सात हजार म्हणजे शेतातल्या बाईची कितीतरी दिवसांची मजुरी. मग म्हणाले, ‘‘नको, पक्कं बिल द्या. घरी आई कागद मागंल.’’

बिल तारेत गेलं. लॅपटॉप नातीच्या टेबलावर गेला.

नवव्या महिन्यात तो काम करता करता अचानक बंद पडायला लागला. खालून एवढा तापायचा की मांडीवर घेववत नसे. नात पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला गेली. तिथल्या मुलाने अर्ध्या तासात काहीतरी अपडेट टाकलं, ‘‘होईल ठीक, कुलिंग पॅड घ्या,’’ म्हणाला आणि एक जॉबशीट हातात दिली. तिने ती दप्तरात कोंबली. चार दिवसांनी दप्तर झटकताना चोळामोळा झालेला कागद खाली पडला. आजीने केर काढताना तो उचलला, मांडीवर ठेवून तळव्याने सरळ केला आणि तारेत ओवला. कशाचा आहे, हे विचारलंही नाही.

चौदाव्या महिन्यात, परीक्षेच्या कामाच्या ऐन तोंडावर, पडदा काळा झाला तो झालाच. सर्व्हिस सेंटरने यंत्र ठेवून घेतलं आणि तीन दिवसांनी फोन केला. मदरबोर्ड गेला आहे. बदलायचे ६४ हजार. वॉरंटी संपून दोन महिने झालेत, आमचा नाइलाज आहे.

नात हडपसरहून बसने घरी येईपर्यंत रडत होती. वडील ओट्यावर बसून होते. त्यांच्या डोक्यात एकच हिशेब चालला होता, ६४ हजार कुठून उभे करायचे. आपण भांडू शकतो हे त्यांच्या मनातच आलं नाही. ‘‘वर्षाची वॉरंटी व्हती, वर्ष सरलं. आता त्यांचा काय दोष?’’ असं ते स्वतःलाच समजावत होते. सल्लेही आले. एका दुकानदाराने सांगितलं, सहा हजारांत चिप उखडून परत बसवून देतो, चालला तर चालला. एक पाहुणा हळूच म्हणाला, बिलावरची तारीख दोन महिने पुढे करून मिळते, माझ्या ओळखीचा माणूस आहे.

आजी म्हणाली, ‘‘गुरुजींना इचारा आधी.’’

गुरुजी कदमवाकवस्तीत राहतात. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ग्राहक पंचायतीचं काम अंगावर घेतलं. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. ग्राहक संरक्षण कायदा देशात आला १९८६ च्या डिसेंबरात, म्हणजे त्यानंतर बारा वर्षांनी. गुरुजी हे अभिमानाने सांगतात, आणि त्यांचा अभिमान रास्त आहे. पुण्याच्या माणसांनी ‘ग्राहक’ हा शब्द कायद्याच्या आधी रस्त्यावर आणला.

गुरुजी आले, चहा घेतला आणि वडिलांकडे वळले.

‘‘गेल्या साली कांद्याचं बी घेतलं होतंत. पिशवीवर उगवणशक्ती लिहिलेली होती. पेरलं, उगवलं, हिरवंगार झालं. समजा चार महिन्यांनी सगळ्या वाफ्यांत नुसते डेंगळे आले असते, तर तुम्ही काय म्हणाला असता? बी पेरायच्या दिवशी ठीक होतं, असं?’’

‘‘आसं कसं? बीच खोटं आसणार.’’

‘‘मग? खोट पिशवीतच होती. दिसली चार महिन्यांनी. खोट कधी दिसली याला महत्त्व कमी. ती कुणाच्या घरून आली, ते बघायचं.’’

बियाण्याचं हे उदाहरण गुरुजींनी उगाच दिलं नव्हतं. आंध्र प्रदेशातल्या शेतकऱ्यांचं बियाणं असंच खोटं निघालं. बियाणे महामंडळ सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडलं. शेतकऱ्यांनी तपासणीसाठी नमुना दिला नाही, असं महामंडळाचं एक म्हणणं होतं. २०१२ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की शेतकरी हा ग्राहकच आहे, आणि सगळं बी पेरून टाकणाऱ्या माणसाकडून त्यातलं थोडं बाजूला काढून ठेवण्याची अपेक्षा धरता येत नाही. माझ्या मते हा निकाल प्रत्येक गावच्या चावडीवर वाचून दाखवावा इतक्या मोलाचा आहे.

वॉरंटी म्हणजे कंपनीने आपणहून दिलेलं वचन. ठरलेल्या मुदतीत, कार्डावरच्या अटींत बसणारा बिघाड झाला तर फुकट दुरुस्त करू, एवढाच त्याचा अर्थ. ती मुदत सरली की हे आयतं वचन सरतं. पण कायद्यातली ‘दोष’ या शब्दाची व्याख्या वॉरंटी कार्डावर अवलंबून नाही. वस्तूच्या दर्जात, ताकदीत, प्रमाणात उणीव असेल तर तो दोष. फरक एवढाच पडतो की वॉरंटीनंतर दोष मुळातलाच होता हे दाखवण्याचं ओझं ग्राहकावर येतं. हे ओझं खरं आहे, आणि ते हलकं आहे असं कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. पाणी सांडलं, यंत्र आपटलं, बॅटरी वापरून वापरून दमली, तर कंपनीकडे बोट दाखवता येत नाही.

जगात हे नवं नाही. २००८ साली एका मोठ्या ग्राफिक्स चिप कंपनीच्या, एनव्हिडियाच्या, लॅपटॉपमधल्या काही चिपा तापून निकामी होऊ लागल्या. दोष चिपेच्या घडणीतल्या कमकुवत साहित्याचा होता. एनव्हिडियाने त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले आणि काही लॅपटॉप कंपन्यांनी आपणहून वॉरंटी वाढवून दिली. ॲपलने २०१८ साली मॅकबुकच्या काही कीबोर्डांसाठी खरेदीपासून चार वर्षं फुकट दुरुस्ती जाहीर केली. वॉरंटी संपलेली यंत्रंही त्यात आली. नॉर्वेत तर टिकाऊ वस्तूंबद्दल पाच वर्षांपर्यंत तक्रार करण्याचा हक्कच आहे. म्हणजे ‘‘मुदत संपली, विषय संपला,’’ हे वाक्य कंपन्याही नेहमी पाळत नाहीत. काउंटरवरच्या मुलाला मात्र तेवढंच बोलायला शिकवलेलं असतं.

गुरुजींनी विचारलं, ‘‘आधी कधी कुरकुर केली होती का यंत्राने? वॉरंटीत असताना?’’

‘‘केली होती,’’ नात म्हणाली. ‘‘पण ते तोंडीच... एक कागद दिला होता, तो मी फेकला.’’

आजी उठली. तार खिळ्यावरून काढली आणि जमिनीवर बसून एकेक कागद मागे सारत गेली. पाणीपट्टी, वीज, मेथीची पट्टी, पुन्हा वीज. मग एक सुरकुतलेला कागद वर आला. त्यावर तारीख होती, शिक्का होता आणि तक्रारीच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘जास्त तापतो, अचानक बंद होतो.’ नववा महिना. वॉरंटी चालू. गुरुजींनी तो कागद दोन्ही हातांनी धरला.

त्यानंतर गुरुजींनी तीन गोष्टी कडक शब्दांत सांगितल्या. सहा हजारांची दुरुस्ती करायची नाही, कारण यंत्र उघडून चिप उखडली की पुरावाच जातो. सर्व्हिस सेंटरकडून नकार आणि त्याचं कारण लेखी मागायचं. आणि तारीख बदलणाऱ्या माणसाचं नाव या घरात पुन्हा निघता कामा नये. पाहुणा खाली मान घालून बसला.

मग कंपनीला पत्र लिहायला बसले. गुरुजी सांगत होते, नात लिहीत होती. मध्येच ती थांबली.

‘‘गुरुजी, पहिल्या महिन्यात बसमध्ये बॅग पडली होती माझी. आत लॅपटॉप होता. ते लिहायचं?’’

वडिलांनी चमकून पाहिलं. गुरुजी म्हणाले, ‘‘लिही.’’

‘‘पण मग ते म्हणतील, पडला म्हणून बिघडला.’’

‘‘म्हणू देत. तपासात दिसेल काय ते. तू लपवलंस आणि उद्या त्यांनी काढलं, तर तुझ्या खऱ्या गोष्टीवरही कुणी विश्वास ठेवायचा नाही.’’

तिने लिहिलं. लिहिताना तिचा हात जड झाला होता, पण तिने लिहिलं.

नंतर त्यांनी दुसऱ्या, जाणत्या तंत्रज्ञाकडून यंत्र न दुरुस्त करता फक्त तपासून घेतलं. प्रत्येक पायरीचे फोटो. त्याने लेखी दिलं की आपटल्याची किंवा ओलाव्याची खूण नाही. उष्णता वाहून नेणारी तांब्याची नळी चिपेवर सपाट बसलेलीच नाही, एका बाजूला फट आहे. त्यामुळे चिप पहिल्या दिवसापासून प्रमाणाबाहेर तापत होती, आणि तापणं-निवणं होत होत तिच्याखालचं सोल्डर तडकलं. फोटोत ती फट केसाएवढी दिसते. त्या केसाएवढ्या फटीची किंमत ६४ हजार सांगितली गेली होती.

कंपनीला पत्र गेलं, पंधरा दिवसांची मुदत दिली. उत्तर आलं दोन ओळींचं: वॉरंटी संपलेली असल्याने खेद आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. तिथेही कंपनीने तेच उत्तर चिकटवलं. शेवटी पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल झाली. २०१९ चा नवा कायदा २०२० च्या जुलैत लागू झाला, आणि त्याने केलेली सगळ्यात मोठी सोय म्हणजे कंपनीचं कार्यालय कुठल्याही शहरात असो, ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. वेळेचं मात्र बंधन आहे: तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. पुष्कळ माणसं ही दोन वर्षं सर्व्हिस सेंटरच्या ‘‘बघतो, कळवतो’’मध्ये घालवतात.

तारखा पडल्या. एका तारखेला कंपनीच्या वकिलांनी जॉबशीटवर बोट ठेवलं. कागदाच्या मधोमध भोक होतं.

‘‘हा कागद फाटलेला आहे.’’

नात उभी राहिली. आवाज कापत होता. ‘‘फाटलेला नाही, ओवलेला आहे. आमच्या घरी सगळे कागद ओवतात.’’ आणि तिने मूळ बिल पुढे केलं. त्यालाही मधोमध तसंच भोक होतं.

आयोगाने विचारलं, मध्यस्थीने मिटवायची तयारी आहे का. दोन्ही बाजू हो म्हणाल्या. कंपनीने मदरबोर्ड आणि थंड करणारी सगळी जोडणी फुकट बदलून दिली, बदललेल्या भागांवर एक वर्षाची वॉरंटी दिली आणि तंत्रज्ञाच्या तपासणीचा खर्च दिला. लॅपटॉपची पूर्ण किंमत परत मिळाली नाही. मनस्तापाची भरपाई मिळाली नाही. परीक्षेचं काम नातीला मैत्रिणीच्या यंत्रावर रात्री जागून करावं लागलं, ते दिवस कुणी भरून दिले नाहीत. गुरुजींना वाटत होतं, शेवटपर्यंत लढावं. नातीला यंत्र हवं होतं. तिने निवडलं ते तिच्या वयाला आणि गरजेला धरून होतं, आणि गुरुजींनी ते मान्य केलं.

आता नात स्वतः कागद आणून आजीच्या हातात देते. फोटो काढून मोबाइलमध्येही ठेवते, कारण थर्मल कागदावरची छपाई काही काळाने उडते, हे तिला आता ठाऊक झालं आहे.

वाचकहो, तुमच्या घरातल्या सगळ्यात महाग यंत्राचं बिल आणि त्याच्या दुरुस्तीच्या पावत्या आत्ता कुठे आहेत, ते आज रात्री झोपण्यापूर्वी एकदा बघून ठेवा.