दाण्याचा वाटेकरी

सुरतच्या चौक बाजारात, किल्ल्याजवळ गांधीबाग आहे. पलीकडे तापी. हिवाळ्यात नदीवर कुरव उतरले की कॉजवेवर गाठियांच्या पुड्या घेऊन माणसांची झुंबड उडते. तळलेलं बेसन हे काही कुरवाचं अन्न नव्हे, पण फोटो छान येतात. बागेत मात्र मान कबुतरांचा. तिथे एक शेठ रोज सकाळी ज्वारीची पिशवी ओट्यावर रिती करत. आईनं लावून दिलेला नेम. पिशवीची गाठ सुटण्याआधीच कबुतरं त्यांच्या खांद्यावर येऊन बसत. शेठचं दुकान दोऱ्याचं. जानेवारी जवळ आला की दर्शनी भागात गुलाबी मांजाच्या फिरक्या लागत.

एका वर्षी दिवाळीनंतर समोरच्या मोबाईल टॉवरवर बहिरी ससाणा येऊन बसला. उत्तरेकडे, सैबेरियाच्या बर्फाळ माळावर जन्मलेला हा पक्षी थंडीत आपल्याकडे उतरतो आणि उन्हाळा लागला की परततो. निळसर राखाडी पाठ, गालावर काळ्या मिशा. पंख आवळून ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगानं तो झेपावला. शेठना काही कळायच्या आत थवा फुटला आणि मागे चार राखाडी पिसं तरंगत राहिली.

शेठ हळहळले. त्यांनी चहावाल्याच्या पोराला पैसे दिले. ससाणा टॉवरवर दिसला की सुतळी बॉम्ब लावायचा!

बाकावर लिंबायतचे आप्पा बसलेले असत. खानदेशातून आलेला माणूस, उमेद यंत्रमागाच्या सांच्यावर गेली. आता जवळच्या एका दुकानाची रात्रपाळीची राखण. हजारो धाग्यांच्या ताण्यातला एक तुटलेला धागा हेरायची सवय झालेली नजर. टॉवरवरचा तो ठिपका आधी दिसायचा तो त्यांनाच. सुतळी फुटली की ससाणा एक घिरटी घेई आणि शेजारच्या गच्चीच्या कठड्यावर जाऊन बसे. आप्पा हे बघत आणि चहा पीत. कुणी विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हा त्यांचा स्वभाव.

कमुरतं लागून लग्नं थांबायच्या आधी भावनगरला घरचं लग्न निघालं. आठवडाभर शेठ नव्हते, दाणा नव्हता. कबुतरं पांगली. ससाण्यानंही नदीचा रस्ता धरला.

शेठ परत आले ते रिकामा टॉवर बघून खूश झाले. "पळाला ना, आप्पा?"

"गेला खरा."

ओटा पुन्हा भरला, थवा जमला. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी टॉवरवर तोच ठिपका.

"आता काय करायचं हो याला?" शेठ कपाळाला हात लावून म्हणाले.

"शेठ, फटाक्यांनी तो गेलाच नव्हता. तुम्ही गेलात म्हणून गेला. तुम्ही आलात, तोही आला."

"म्हणजे त्याला मी बोलावतो?"

"तुम्ही पंगत मांडता. पंगतीला कोण बसेल, ते तुमच्या हातात नाही."

शेठचा चेहरा उतरला. "मग हे पाप माझ्या नावावर?"

"पाप-पुण्य मला काय कळणार! उपाशी राहिला तर तो उन्हाळ्यात घरी पोचायचा नाही, एवढं कळतं."

शेठनी फटाके बंद केले. दाणा मात्र चालू राहिला. आईचा नेम होता.

मग उतराण आली. दोन दिवस आभाळ पतंगांनी भरलं, गच्च्यांवर उंधियू झाला. सरकारचं करुणा अभियान चालू होतं. जखमी पक्षी खोक्यांत घालून पोरं दवाखान्यांकडे पळत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी चहावाल्याचा पोरगा ओरडला, "शेठ, वर बघा!"

वडाच्या फांदीला एक कबूतर उलटं लटकत होतं. काचेच्या भुकटीनं पंख सांध्यापर्यंत कापला होता. मांजा गुलाबी होता.

"ह्याला काही ससाण्यानं मारलं नाही," पोरगा म्हणाला.

शेठनी खाली लोंबणारं टोक हातात घेतलं, सवयीनं दोन बोटांत चोळून पाहिलं आणि पटकन सोडून दिलं.

"हा माझ्या दुकानातला नाही," ते म्हणाले.

"मी कुठे काय म्हणालो?" आप्पा म्हणाले.