लाकडी माशाचं गोत्र

माणसाची जात विचारू नये, असं मला शाळेत शिकवलं. माशाची विचारावी की नाही, याबद्दल गुरुजी काही बोलले नव्हते. त्यामुळे मेहुण्याने मिशिगनहून आणलेला बोटभर लाकडी मासा हातात पडताच मी त्याचं कूळ शोधायला लागलो. तिकडे असले रंगवलेले मासे दोरीला बांधून पाण्यात सोडतात. खरा मासा खाऊ समजून झडप घालतो आणि पोटाखालच्या गळात अडकतो. (लग्नाच्या जाहिरातीतल्या फोटोचं काम यापेक्षा वेगळं नसतं.)

मिशिगनातल्या डोवॅजॅक गावच्या जेम्स हेडनने १८९८च्या सुमारास लाकडाचे बेडूक कोरले, त्यातून पुढे कारखाना निघाला. आता असल्या जुन्या आमिषांचे शौकीन आहेत, आणि त्यांची परीक्षा मोठी मजेची. रंगावर जायचं नाही, रंग पुन्हा देता येतो. आकारावर जायचं नाही, तो दुसऱ्या कारखान्यानेही उचललेला असतो. गळ अंगाला कशाने जोडलाय ते बघायचं. नुसता डोळ्याचा स्क्रू, स्क्रूभोवती धातूची वाटी, इंग्रजी एलसारखी पट्टी, यावरून कारखाना ठरतो आणि काळही. हेडनच्या एका जोडणीला तर हे लोक चक्क ‘संडासाची सीट’ म्हणतात! घराण्याची ओळख कशावरून पटेल, काही सांगता येत नाही.

माझ्या माशाला वाटी होती, गळ मात्र मोडलेला. मेहुणा म्हणाला, “दुसऱ्या मोडक्या माशाचा जुना गळ काढून बसव. किंमत दुप्पट!” आता यात खोटं काय? मासा जुना, गळही जुना. खोटं फक्त दोघांचं लग्न. तरी मन घेईना.

गळाचाच प्रश्न, म्हणून पाचूबंदरला ओळखीच्या तांडेलकाकांकडे गेलो. पावसाळी बंदीत होडी वर ओढलेली होती.

“कधीची हो ही?”

“बापाच्या वेळची.”

“या फळ्या तर नव्या दिसतात.”

“बदलल्या.”

“आणि डोलकाठी?”

“काढली. इंजिन बसवलं.”

“मग बापाचं राहिलं काय?”

“नाव,” काका म्हणाले. मी खूश झालो. होडीला जे चालतं ते माझ्या माशाला का चालू नये? सगळी हकिगत सांगून टाकली. काकांनी मासा उलटासुलटा करून बघितला.

“मी फळी बदलली ती होडी बुडू नये म्हणून. तुम्ही गळ बदलताय तो कोन बुडावा म्हणून, भाऊ?”

परतताना किल्ल्यावरून आलो. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि इथल्या चर्चच्या घंटा देशावरच्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेवर १७२१ हे फिरंग्यांचं साल अजून आहे. जिंकलेली घंटा, पण साल खरवडून कुणी आपलं घातलं नाही.

मासा आता कपाटात आहे, बिनगळाचा. मेहुणा सुट्टीत आला की त्याच्याकडे बघून दुप्पट किमतीचा उसासा टाकतो.